अंधांचे वाचन : दयेकडून हक्काकडे

१

ज्ञानाच्या दाराला कुलूप घालण्याचे प्रकार इतिहासात अनेक झाले. काही कुलपे धर्माज्ञेची होती, काही कायद्याची, काही पैशाची. ह्या पानांच्या वाचकाला त्यांपैकी एका कुलपाचा इतिहास सांगण्याची गरज नाही. तो त्याने भोगलेला आहे. परंतु एक कुलूप असे आहे की ते कोणी घातले हा प्रश्नच सहसा कोणी विचारीत नाही. ते निसर्गानेच घातले आहे अशी सर्वांची समजूत असते. ज्याला दिसत नाही त्याला वाचता येत नाही, ह्यात अन्याय तो कसला, असे चांगली सुशिक्षित माणसेही म्हणतात. मग ती अंधाला आपल्या सवडीने चार पाने वाचून दाखवितात आणि त्या पुण्याचे समाधान मानतात.

प्रस्तुत लेखाचा विषय ही समजूत आहे. पुस्तक अंध माणसाला बंद राहिले ते त्याच्या डोळ्यांमुळे, की पुस्तक कसे काढायचे हे ठरविणाऱ्यांच्या निर्णयामुळे? गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास तपासला तर उत्तर दुसऱ्या बाजूने मिळते. लिपी, कायदा, इमारत आणि आता संगणक, ह्या प्रत्येक ठिकाणी दार माणसांनीच बंद केले होते. आणि जिथे जिथे ते उघडले तिथे ते उघडण्यात बाहेर उभ्या असलेल्यांचाच हात पुढे होता.

२

पॅरिसमध्ये व्हॅलेंतिन आउई ह्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस अंध मुलांसाठी शाळा काढली. तिच्यात पुस्तके होती. ती नेहमीच्या रोमन अक्षरांनाच कागदावर उठाव देऊन केलेली होती. अक्षर मोठे, पुस्तक जड, आणि बोटाने एकेका अक्षराचा आकार चाचपत ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरून जावी, असे ते वाचन. त्यात आणखी एक मोठी उणीव होती. ही अक्षरे मुलांना कशीबशी वाचता येत, परंतु लिहिता येत नसत. डोळस शिक्षकाने लिहावे आणि अंध विद्यार्थ्याने ग्रहण करावे, एवढाच व्यवहार त्या लिपीत शक्य होता. ती डोळसांना पाहायला सोयीची होती. बोटांचा विचार तिच्यात नव्हता.

लुई ब्रेल हा १८०९ साली जन्मलेला, खोगीर व चामड्याचा साज तयार करणाऱ्या कारागिराचा मुलगा. तीन वर्षांचा असताना बापाच्या कामाच्या जागी खेळता खेळता टोकदार हत्यार डोळ्यात गेले आणि पुढे दोन्ही डोळे गेले. आपल्याकडे चामड्याचे काम करणाऱ्याच्या घरात आरी असते. तसेच ते हत्यार. त्याच मुलाने पुढे टोचणीने कागदावर उठवलेल्या टिंबांची लिपी सिद्ध केली. शार्ल बार्बिए ह्या लष्करी माणसाची बारा टिंबांची पद्धत त्याच्यासमोर होती. बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावतील अशी सहाच टिंबे त्याने ठेवली. त्यांच्या मांडणीतून ६३ चिन्हे होतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे, संगीताची लिपीसुद्धा त्यांत बसते. १८२९ साली ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

पुढे काय घडले ते लक्षात घेण्यासारखे आहे. १८४० साली संस्थेवर आलेल्या द्युफो ह्या नव्या संचालकाने ब्रेल लिपीला मनाई केली आणि त्या लिपीतील पुस्तके जाळून टाकविली. डोळसांच्या लिपीहून वेगळी लिपी शिकल्याने अंध माणूस समाजापासून तुटेल, असा युक्तिवाद होता. बहिष्कृतांच्या भल्याचा ठेका घेणारे नेहमी अशाच भाषेत बोलतात. विद्यार्थ्यांनी मात्र ती लिपी सोडली नाही. ते चोरून टिंबे टोचीत राहिले आणि एकमेकांना शिकवीत राहिले. १८४४ साली संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. फ्रान्सच्या सरकारने तिला मान्यता दिली ती १८५४ साली. लुई ब्रेल १८५२ मध्येच मरण पावला होता.

ह्या लिपीने अंध माणूस प्रथमच लिहू लागला. स्वतःची टिपणे, स्वतःचा हिशेब, तिसऱ्याच्या नजरेतून न जाता मित्राला लिहिलेले पत्र, हे सारे त्यामुळे शक्य झाले. ऐकणाऱ्याचा लेखक झाला. सत्ता ज्यांच्या हाती असते त्यांना वाचणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याची भीती अधिक वाटते, हे आपण ओळखून आहोत.

३

हिंदुस्थानात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलर्ड ह्यांनी १९०० साली शाळा काढली आणि १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल स्कूल सुरू झाले. परंतु शाळा निघाल्या तरी लिपीचा गोंधळ मिटला नव्हता. निरनिराळ्या प्रांतांत, निरनिराळ्या शिक्षकांनी आपापल्या सोयीच्या ब्रेल पद्धती बसविल्या होत्या. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या प्रांतातील पुस्तक हाती घेतले तर ते परके वाटे. आधीच मूठभर असलेली पुस्तके आणखी विभागली गेली.

दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ साली डेहराडूनला वसतिगृह उघडले. सरकारला अंध नागरिक दिसला तो आधी सैनिकाच्या वेषात, ही गोष्ट इतर देशांच्या इतिहासातही आढळते. स्वातंत्र्यानंतर तेथेच अंध प्रौढांचे प्रशिक्षण केंद्र झाले आणि १९५१ साली मध्यवर्ती ब्रेल छापखाना सुरू झाला. त्याच वर्षी, युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या विचारविनिमयानंतर, सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धत स्वीकारली गेली.

हिच्यात मराठीचा क, बंगालीचा क, तमिळचा क आणि उर्दूचा काफ ह्यांना एकच चिन्ह आहे. इंग्रजी ब्रेलमधील ‘के’चेही तेच. ज्या देशात लिपीच्या नावाने दंगे झाले, त्या देशातील अंध मुलांनी एकाच टिंबांत सर्व भाषा वाचल्या. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. ब्रेलमध्ये आधी क, मग इ, उच्चाराच्या क्रमाने. देशाच्या लिपीविषयक वादांत ह्या अनुभवाची दखल फारशी कोणी घेतली नाही. अंधांची गोष्ट अंधांच्या खात्यात, कल्याणखात्याच्या फायलीत, राहिली.

ग्रंथालयांचेही तसेच झाले. एस. आर. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, असा आशय त्यांतील दुसऱ्या नियमाचा आहे. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. गावोगावी वाचनालयांना अनुदान मिळू लागले. पण ‘प्रत्येक वाचक’ म्हणजे जिना चढू शकणारा, छापील अक्षर दिसणारा वाचक, हे न लिहिलेले कलम सर्वांनी पाळले. खाली दुकानांचे गाळे भाड्याने आणि वाचनालय वरच्या मजल्यावर, हे दृश्य किती तालुक्यांत दिसेल! पायऱ्यांशी थांबलेल्या माणसाची नोंद वाचकसंख्येच्या रकान्यात होत नाही. म्हणून कागदोपत्री तो अस्तित्वातच नसतो.

महाविद्यालयात शिकविणाऱ्यांना आणखी एक दृश्य परिचयाचे आहे. परीक्षा जवळ आली की व्हरांड्याच्या कडेला दोन मुले बसलेली असतात. एक वाचीत असतो, दुसरा ऐकत असतो. वाचणाऱ्याचा स्वतःचा अभ्यास आला की ऐकणाऱ्याचा थांबतो. वाचणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच ऐकणाऱ्याच्या वाट्याला येते. मैत्री खरी असते, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ज्याचे वाचन दुसऱ्याच्या सवडीवर चालते, त्याचे विचारही काही अंशी दुसऱ्याच्या सवडीवर चालतात.

४

दया आणि हक्क ह्यांतला फरक कायद्याच्या भाषेत ठळकपणे मांडला गेला तो अमेरिकेत. तेथे १९३१ पासून काँग्रेसच्या ग्रंथालयामार्फत अंध प्रौढांना सरकारी खर्चाने पुस्तके मिळत होती. १९३४ पासून तबकड्यांवरची ‘बोलती पुस्तके’ही आली. ही सोय मोठी होती. परंतु विद्यापीठाच्या किंवा शहराच्या ग्रंथालयात आपल्या पायांनी वा चाकांनी जाण्याचा हक्क त्यातून मिळाला नव्हता.

१९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ ने सांगितले की, संघराज्याचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला अपंगत्वाच्या कारणावरून कोणाला वगळता येणार नाही. ह्या कलमाची शब्दरचना १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरून, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून मिळालेल्या कायद्यावरून, बेतलेली होती. कलम झाले, पण त्याचे नियम चार वर्षे निघाले नाहीत. ५ एप्रिल १९७७ रोजी अपंग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधील सरकारी कचेरीत ठाण मांडले. अधिकाऱ्यांनी दूरध्वनी तोडले, तेव्हा आतले कर्णबधिर कार्यकर्ते खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेरच्यांशी बोलले. व्हीलचेअरवरची माणसे, श्वासासाठी यंत्र लागणारी माणसे, जमिनीवर झोपली. ज्यूडी ह्यूमन ही त्यांची एक प्रमुख नेती.

ह्या माणसांना रोज गरम जेवण पोचविले ते ब्लॅक पँथर पक्षाने. पँथर कार्यकर्ता ब्रॅड लोमॅक्स स्वतः व्हीलचेअर वापरीत असे आणि तो ह्या ठिय्यात बसला होता. ज्या पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, तो हा पक्ष. आपल्याकडे ब्लॅक पँथरविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण ह्या जेवणाच्या डब्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. एका बहिष्कृताने दुसऱ्या बहिष्कृताला ओळखणे म्हणजे काय, हे त्या डब्यांनी सांगितले. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. सार्वजनिक पैशावर चालणारी ग्रंथालये त्यांच्या कक्षेत आली. उताराचा रस्ता आणि रुंद दार ही मेहेरबानी न राहता देणे झाले.

५

एवढ्यात वाचनाची जागाच बदलली. १९७६ साली रेमंड कर्झवाइलने छापील पान वाचून उच्चारणारे यंत्र जगापुढे आणले. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी ‘स्क्रीन रीडर’ नावाची साधने निघाली. जॉज हे त्यांतले प्रसिद्ध साधन तयार करणारा टेड हेंटर हा अपघातात दृष्टी गेलेला. ते महाग होते. २००६ साली मायकेल करन आणि जेम्स तेह ह्या दोघा अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी एनव्हीडीए हे साधन केले आणि ते सर्वांना फुकट दिले. लुई ब्रेलनंतर पावणेदोनशे वर्षांनीही किल्ली घडविणारे हात पुन्हा बाहेर उभ्या असलेल्यांचेच होते.

संगणकाच्या पडद्यावर केवळ अक्षरे होती तोवर ही साधने बरी चालत. पुढे चित्रे, खिडक्या, बटणे आली आणि नवे अडथळे उभे राहिले. चित्राला शब्दांत वर्णन जोडलेले नसेल तर यंत्र तेथे मुके होते. बटणाला नाव नसेल तर यंत्र नुसते ‘बटण’ म्हणते. कसले ते कळत नाही. उंदराशिवाय, केवळ कळफलकावर चालत नसेल ते संकेतस्थळ हात थरथरणाऱ्या माणसालाही बंद. ध्वनिफितीखाली अक्षरे नसतील तर ती कर्णबधिराला बंद. ह्या साऱ्यांवरचे उपाय गूढ नाहीत. संकेतस्थळांची मानके ठरविणाऱ्या जागतिक संघाने १९९९ साली त्यांची पहिली नियमावली प्रसिद्ध केली, दुसरी २००८ साली. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शिका काढली. म्हणजे काय करावे हे माहीत नव्हते, अशी सबब उरलेली नाही.

मराठीच्या वाट्याला एक खास संकट आले. आपल्या छापखान्यांनी आणि वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे असे फॉन्ट वापरले की ज्यांत संगणकाच्या पोटात रोमन चिन्हे साठविलेली असतात आणि वरून देवनागरीचा नुसता मुखवटा चढविलेला असतो. डोळ्यांना ‘समता’ दिसते. यंत्राला मात्र अर्थहीन रोमन अक्षरांची रांग सापडते आणि ते तीच वाचून दाखविते. वास्तविक भारतीय लिप्यांचे समान संकेत १९८८ सालीच ठरले होते, आणि १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली होती. तरी व्यवसायाच्या सवयीने जुने मुखवटे चालूच राहिले. दुसरे संकट जुन्या ग्रंथांच्या नुसत्या छायाचित्रांचे. हजारो दुर्मिळ पुस्तके संगणकावर आली, ह्याचा आपल्याला आनंद झाला. पण पानाचे चित्र म्हणजे मजकूर नव्हे. अक्षरओळख करून त्याचा मजकूर केला नाही, तर अंध वाचकापुढे आपण कोरी पाने ठेवलेली असतात.

६

आता कायद्याचे कुलूप. भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. एखाद्या अंध विद्यार्थ्याने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर चढवून ऐकले, किंवा एखाद्या संस्थेने त्याची ब्रेल प्रत काढली, तर प्रकाशकाच्या परवानगीविना ते कृत्य कायद्याबाहेरचे ठरू शकत होते. परवानगीची पत्रे लिहावीत आणि उत्तराची वाट पाहावी. तोवर शैक्षणिक वर्ष संपे.

२०१० साली दुरुस्तीचे विधेयक आले. त्यात सूट होती, पण ब्रेलसारख्या ‘विशेष’ स्वरूपापुरतीच. म्हणजे ब्रेल न येणारे लाखो अंध, पुस्तक हाती धरू न शकणारे, अक्षरे उलटसुलट दिसणारे, हे सर्व पुन्हा बाहेर. अपंगांच्या संघटनांनी ह्याविरुद्ध देशभर मोहीम केली. राहुल चेरियन हे स्वामित्वहक्काच्या कायद्याचे जाणकार वकील, स्वतः अपंग, ह्या कामात अग्रभागी होते. २०१२ च्या दुरुस्तीत अखेर कोणत्याही सुलभ स्वरूपात प्रत काढण्याची मुभा आली. चेरियन फेब्रुवारी २०१३ मध्ये तरुण वयातच गेले. त्याच वर्षीच्या २७ जूनला मोरोक्कोतील माराकेश येथे जागतिक करार संमत झाला.

ह्या कराराची गरज काय होती? स्पेनमधील अंधांच्या संस्थेकडे मोठा ग्रंथसंग्रह होता, पण तीच भाषा बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकेतील गरीब देशांना तो देता येत नव्हता; देशाच्या सीमेवर कायदा आडवा येई. जागतिक अंध संघाच्या अंदाजाने गरीब देशांत शंभर पुस्तकांपैकी जेमतेम एक अंधांना वाचता येईल अशा रूपात मिळत होते. संघाने ह्याला पुस्तकांचा दुष्काळ म्हटले. माराकेश कराराने सुलभ प्रती सीमेपलीकडे पाठविण्याची वाट मोकळी केली. त्याला जगात प्रथम मान्यता दिली ती भारताने, जून २०१४ मध्ये. श्रीमंत अमेरिकेला त्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. वीस देशांची मान्यता मिळाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे देशभरच्या सुलभ पुस्तकांचे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले.

७

कागदावर आज आपण मागे नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि माहिती व संगणकीय सेवा सुलभ करणे हे कर्तव्य ठरले. मात्र त्याखालील नियम शिफारशीच्या भाषेत लिहिलेले होते. राजीव रतुरी ह्यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नियम १५ मूळ कायद्याशीच विसंगत आहे. सुलभतेचे किमान निकष बंधनकारकच असले पाहिजेत. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात न्यायालयाने संगणकीय सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अॅसिडहल्ल्यात ज्यांचे डोळे व चेहरा जळाला, त्यांना बँकेच्या ओळखतपासणीसाठी डोळे मिचकावून दाखवा असे यंत्र सांगत होते. त्यातून हा खटला उभा राहिला. बारा वर्षे, वीस वर्षे कचेऱ्या आणि कोर्टे झिजवून ही वाक्ये मिळालेली आहेत.

मध्यंतरी नाव मात्र झटपट बदलले. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला आणि सरकारी पाट्या रंगल्या. अनेक अपंग कार्यकर्त्यांनी त्याला आक्षेप घेतला. ‘हरिजन’ ह्या शब्दाचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना ह्या आक्षेपाचे कारण समजावून सांगावे लागू नये. देवत्व दिले की देणे लागत नाही.

८

शेवटी आपल्याविषयी. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. त्यांत दृष्टीचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के आहे, अनुसूचित जातींत ते २.४५ टक्के आहे. कुपोषण, धोक्याची कामे, वेळेवर न मिळालेले औषध, ही ह्या फरकाची कारणे आपल्या वस्त्यांतून फिरणाऱ्याला दिसतात. म्हणजे हा प्रश्न शेजारच्या घरातला नाही. वस्तीतल्या अंध मुलीला जात, गरिबी आणि बंद पुस्तक अशी तीन कुलपे एकदम लागलेली आहेत.

आणि तिसऱ्या कुलपाच्या बाबतीत आपले हात स्वच्छ नाहीत. आपली नियतकालिके, आपली आत्मकथने, परिषदांची अध्यक्षीय भाषणे, चळवळीची पत्रके ह्यांतील किती साहित्य ती मुलगी स्वतः वाचू शकते? जे संगणकावर आले त्यातले पुष्कळसे एक तर मुखवट्याच्या फॉन्टमध्ये आहे किंवा पानांच्या छायाचित्रांत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त झालेले आहेत. त्यांची अंध वाचकासाठी प्रत काढायला आज कोणाच्याही परवानगीची गरज नाही. लागते ती फक्त कोणीतरी बसून करण्याची तयारी.

काम मोठे आहे, पण अवघड नाही. नवा मजकूर युनिकोडमध्ये जुळवावा. जुन्या अंकांची छायाचित्रे मजकुरात उतरवून, विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावीत. एक महाविद्यालय एका वर्षात एका नियतकालिकाचे जुने अंक सहज पुरे करील. वस्तीतील वाचनालय तळमजल्यावर आणावे, तेथे एका संगणकावर फुकट मिळणारा स्क्रीन रीडर बसवावा. सभेची जागा ठरविताना जिना मोजावा. आणि हे सारे करताना अंध वाचकाला आधी विचारावे. त्याच्या वतीने ठरवू नये. द्युफोही त्यांच्या भल्याचेच ठरवीत होता.

विद्यार्थ्यांनी चोरून टोचलेली टिंबे टिकली आणि जाळणाऱ्याची आज्ञा गेली. आपल्या अक्षरांना कोणी जाळलेले नाही. आपणच ती अशा रूपात ठेवली आहेत की आपल्यातल्याच काहींच्या बोटांना आणि कानांना ती लागत नाहीत. हे कुलूप आपले आहे, त्याची किल्लीही आपल्याच खिशात आहे.